ऑस्टीला रग कशी आली

ड्रायरची घंटी वाजली, तेव्हा घरात इतकी शांतता होती की टेरिन दचकलीच. बाळ नुकतंच झोपलं होतं, मोठी मुलगी जूनी बालवाडीत होती आणि बऱ्याच वेळात कोणी तिच्याकडे काही मागितलं नव्हतं. ती अनवाणीच तळघराच्या पायऱ्या उतरली, ड्रायरचं दार उघडलं आणि आतून बाळाची झबली, दुपटी आणि ऑस्टीचे हातमोजे बाहेर काढले.

झबली छान ऊबदार झाली होती. हातमोजे मात्र ओव्हनमध्ये विसरलेल्या पावासारखे झाले होते. वरून फुगलेले, आतून दगड. टेरिननं हात घालून पाहिला. तिचा एवढासा हातसुद्धा अर्ध्यावर अडकला. तळव्याचं चामडं आटून कडक होऊन बसलं होतं.

"अगं बाई," ती ड्रायरलाच म्हणाली.

हेतू चांगला होता. बर्फावरच्या हॉकीच्या हातमोज्यांना जो वास येतो त्याची गावात कोणाला लाज वाटत नाही, पण ऑस्टीच्या हातमोज्यांचा वास हल्ली तळघरातून वर स्वयंपाकघरापर्यंत यायला लागला होता, आणि बाहेर उणे पस्तीस असताना खिडकी उघडायची सोय नव्हती. त्यातून शुक्रवारी किंडल रिव्हरच्या संघाशी सामना. एवढ्या मोठ्या सामन्याला पोरानं स्वच्छ हातमोजे घालून जावं, इतकंच तिच्या मनात आलं. संघाचं सामान सांभाळणाऱ्या डेनिसनं सप्टेंबरातच खेळाडू ठेवून घेणाऱ्या सगळ्या घरांना बोलावून बजावलं होतं, "बाकी काय वाटेल ते धुवा, ग्लव्हज ड्रायरमध्ये घालायचे नाहीत." टेरिन त्या सभेला होती. पण तेव्हा तिला आठवा महिना होता आणि दुसऱ्या खुर्चीवर पाय ठेवून ती गाढ झोपली होती.

ऑस्टी म्हणजे ग्रेडी ऑस्टाफी. वय सतरा, गाव उत्तर मॅनिटोबात, जागा बचावफळीत. गावच्या संघाची, हार्टवेल बॅजर्सची, बहुतेक पोरं अशीच परगावची, गावातल्या घराघरांतून राहणारी. टेरिनचा नवरा वेस खाणीवर कामाला, पंधरा दिवस तिकडे तर पंधरा दिवस घरी. त्यामुळे हा पोरगा घरात आला आणि टेरिनला जे वाटलं होतं त्याच्या उलटच झालं. एका माणसाचं काम वाढण्याऐवजी कमी झालं. दारातलं बर्फ तो न सांगता उपसायचा. टेरिन अंघोळ करून येईपर्यंत बाळाला खांद्यावर घेऊन स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालायचा. आणि जूनीनं तर तो आपल्यासाठीच आणलाय असं ठरवून टाकलं होतं.

गावाचं मात्र त्याच्याबद्दल निराळंच म्हणणं होतं. गाव म्हणजे पेट्रोल पंपामागच्या हॉटेलातलं कोपऱ्यातलं टेबल. रोज सकाळी तिथे तिघं हमखास असायची. टेरिनचे सासरे अर्विन फ्रीसन, ज्यांनी शेती सोडली पण गाई सोडल्या नव्हत्या. रिंकवरचं बर्फ सारखं करायची गाडी चालवणारा लॉर्न. आणि रविवारी चर्चमध्ये ऑर्गन व शुक्रवारी रिंकवर गाईच्या गळ्यातली घंटा तितक्याच भक्तिभावानं वाजवणाऱ्या बर्निसबाई.

"स्केटिंग बघ त्याचं," लॉर्न म्हणाला. "कसा वाहत जातो. पास पण नेमका. सप्टेंबरात आला तेव्हा काय होता आणि आता काय झालाय."

"सुधारलाय, नाही कोण म्हणतंय? पण रग कुठाय?" अर्विन म्हणाले. "डिफेन्सचा पोरगा म्हणजे कसा, समोरच्याला कोपऱ्यात शिरायच्या आधी आई आठवली पाहिजे. हा आपला..."

"हा सॉरी म्हणतो," बर्निसबाई म्हणाल्या.

"कधी?"

"धडक दिली की. मी काचेला लागून बसते ना, मला ऐकू येतं. परवा त्या लांबट पोराला कठड्यावर आपटलं आणि वर विचारतो, 'लागलं का रे?'"

टेबलावर शोककळा पसरली. लॉर्ननं कॉफीत उगाचच साखर ढवळली.

अर्विन पाठीमागे बोलणाऱ्यांतले नव्हते. रात्री ते सुनेकडेच जेवत आणि तेच सगळं ऑस्टीला तोंडावर ऐकवत. "घे, बटाटे घे अजून. वजन वाढव. कोपऱ्यात जातोस ते चर्चमध्ये उशिरा पोचल्यासारखा. जरा खांदा घाल, शिवी दे."

"हो सर. सॉरी."

"बघ! हे बघ! हेच म्हणतोय मी!"

"बाबा, जेवू द्या हो त्याला," टेरिन म्हणायची.

नुसती टिंगल असती तर चाललं असतं. पण दहा जानेवारीला संघांमधली अदलाबदल बंद होते आणि बॅजर्सकडे बचावफळीत एक पोरगा जास्त होता. कोचनं स्पष्टच सांगितलं होतं की शुक्रवारचा सामना बघून ठरवू, ऑस्टीला ठेवायचं की त्याच्या जागेवरच्या दुसऱ्या पोराला; उरेल तो घरी. त्या दुसऱ्यानं नाताळच्या आधी दात पडलेला असताना पुढचा खेळ खेळून दाखवला होता, दात खिशात ठेवून. सगळ्या गावानं मनातल्या मनात ऑस्टीची बॅग भरायला घेतली होती. टेरिननं ती गोष्ट जूनीपासून लपवली होती. म्हणजे जूनीला ती सगळ्यात आधी कळली होती.

संध्याकाळी ऑस्टी व्यायाम करून आला. टेरिननं हातमोजे टेबलावर ठेवले. त्यानं एक उचलून टेबलावर आपटला. टक्क असा लाकडासारखा आवाज आला.

"काही हरकत नाही, मिसेस फ्रीसन."

'टेरिन' म्हणायला तिनं त्याला महिनाभर खपून शिकवलं होतं. तो 'मिसेस फ्रीसन'वर आला याचा अर्थ प्रकरण गंभीर होतं.

"मी डेनिसला फोन करते. दुसरे देईल तो."

"नको. तो विचारेल, कोणी केलं."

"मग मी केलं म्हणून सांगते की."

"मागच्या वर्षी एका बाईंनी स्केट्स डिशवॉशरमध्ये घातले होते म्हणे," ऑस्टी म्हणाला. "त्यांना अजून सगळे डिशवॉशरवाली म्हणतात. मला त्यांचं खरं नाव माहीतच नाही. तुम्हाला इथंच राहायचंय. मी काय..."

तो हातमोजे उचलून खोलीत गेला.

रात्रभर हातमोज्यांत जॅमच्या बाटल्या कोंबून ठेवल्या. सकाळी बाटल्या निघता निघेनात. त्या निघाल्या, तर हातमोजे होते तसेच. मग टेरिनला सासऱ्यांच्या गोठ्यातला मलमाचा डबा आठवला. थंडीनं गाईंचे सड फाटू नयेत म्हणून ते लावत. वेस लहान असताना त्याच्या ओठांना, गालांना, घोड्याच्या खोगिराला आणि एकदा दरवाज्याच्या बिजागरीलाही तेच लावलं होतं. चामड्याला का चालू नये? अर्विन कॉफीला गेल्यावर तिनं डबा पळवला, हातमोजे उलटे करून आत बोटं भरभरून मलम चोळलं आणि चुलीजवळ ठेवले. दुपारपर्यंत चामडं खरंच मऊ झालं. वाढलं मात्र नाही.

शुक्रवारी निघायच्या आधी ऑस्टीनं घालून पाहिले. हात मनगटाच्या अलीकडेच थांबला.

"जातोय की आत," तो आनंदानं म्हणाला आणि हात खाली केला. हातमोजा सुळ्ळकन निसटून जमिनीवर पडला. ऑस्टी त्याच्याकडे बघत राहिला. "बाहेर पण येतोय."

"हात जरा वर धरून खेळ," टेरिन म्हणाली. चमचा उपडा धरून सूप पी म्हणण्यासारखंच होतं हे, आणि ते तिलाही कळत होतं.

रिंक खच्चून भरली होती. टेरिन बाळाला कोटाच्या आत घेऊन बसली, जूनी तिच्या आणि अर्विनच्या मधे, आणि खाली काचेला नाक लावून बर्निसबाई. किंडल रिव्हरकडे ट्रेव्हर पेलशे होता. त्याला 'ट्रॅक्टर' म्हणत आणि त्याची त्याबद्दल तक्रार नव्हती. एकोणीस वर्षांचा, छातीपर्यंत दाढी. वर्षात त्याच्याशी भांडायला गेलेली पोरं मोजकीच होती आणि त्यांतल्या कोणी दुसऱ्यांदा भेट मागितली नव्हती.

पहिला भाग ऑस्टीनं कसाबसा काढला. मुठी आवळून, कोपरं वर करून तो असा काही खेळत होता की लॉर्ननं वळून विचारलं, "पाठ धरलीय का रे त्याची?"

"घाबरलाय," अर्विन म्हणाले. पण ते त्यांनी हळूच म्हटलं, जूनीला ऐकू जाऊ नये म्हणून.

दुसऱ्या भागात पकची रबरी चकती कोपऱ्यात गेली. ऑस्टी आधी पोचला आणि मागून ट्रॅक्टर आला. धडक अशी बसली की बर्निसबाईंच्या समोरची काच थरथरली. ऑस्टीचे दोन्ही हात तोल सावरायला हवेत गेले. हातमोजे हवेतच राहिले. एक बर्फावर पडला आणि दुसरा गिरकी घेऊन सरळ ट्रॅक्टरच्या दाढीवर बसला.

आता हातमोजे टाकणं म्हणजे काय, हे हार्टवेलमध्ये तान्ह्या बाळालाही कळतं. 'ये, हो पुढे' असं तोंडानं म्हणायची मग गरज उरत नाही. आणि टाकायचे ते खाली टाकतात. समोरच्याच्या तोंडावर फेकून मारणारा अजून कोणी बघितला नव्हता. मग छप्पर उडेल असा आरडाओरडा.

ट्रॅक्टरनं दाढीवरून हात फिरवला. "काय रे, खरंच का?"

"सॉरी," ऑस्टी म्हणाला.

ट्रॅक्टरला तो टोमणा वाटला. त्यानं आपले हातमोजे टाकले. पहिला ठोसा ऑस्टीच्या डोळ्याखाली बसला, दुसरा ओठावर. ऑस्टीला एवढंच माहीत होतं की अशा वेळी समोरच्याचा शर्ट घट्ट धरायचा असतो. त्यानं धरला. पण हाताला मलम. तो धरायचा आणि हात सटकायचा. तिसऱ्यांदा सटकला तो जोरात वर गेला आणि ट्रॅक्टरच्या नाकावर जाऊन थडकला. ट्रॅक्टरला फार लागलं नाही, पण त्याला आश्चर्य वाटलं. तो एक पाऊल मागे सरकला. ते पाऊल बर्फावर पडलेल्या हातमोज्यावर पडलं. पाय गेला पुढे, ट्रॅक्टर मागे, आणि एवढं धूड पाठीवर आडवं झालं. ऑस्टी त्याच्या अंगावर. तो त्याच्या कानात काहीतरी बोलला, ते फक्त बर्निसबाईंनी ऐकलं. तो म्हणाला, "लागलं का रे?"

बर्निसबाईंच्या घंटेचा लोलक निसटून कुठेतरी उडाला. तरी त्या नुसती घंटाच हलवत राहिल्या.

टेरिनचा एक हात बाळाच्या डोक्यावर होता, दुसरा स्वतःच्या तोंडावर. जूनी बाकावर उभी राहून ओरडत होती, "आमच्या घरातलाय तो! आमच्या घरातलाय!"

शेवटच्या भागात आणखी एकदा तेच झालं. गोलासमोरच्या रेटारेटीत ऑस्टीचा उजवा हातमोजा पडला. समोरच्या पोरानं हातमोज्याकडे पाहिलं, ऑस्टीच्या सुजलेल्या डोळ्याकडे पाहिलं आणि "मी नाही, मी नाही" म्हणत मागच्या मागे सरकत गेला. त्यानंतर किंडल रिव्हरचं कोणीच ऑस्टीच्या वाऱ्याला उभं राहीना. एवढी मोकळी जागा त्याला आयुष्यात मिळाली नव्हती. तो निवांत पुढे गेला, निवांत पास दिला आणि बॅजर्सनी सामना जिंकला.

कपडे बदलायच्या खोलीबाहेर ही गर्दी. डेनिसनं रक्त लागलेले हातमोजे आपणहून काढून घेतले आणि नवाकोरा जोड त्याच्या हातात ठेवला. "शाब्बास. हे पण असेच फाड." कोचनं खांद्यावर थाप मारली. "तू राहतोयस," एवढंच म्हणाला. जूनी ऑस्टीच्या पायाला जी बिलगली, ती सोडेना.

अर्विननी पुढे होऊन दोन्ही हातांनी त्याचा हात धरला. मग थांबले. आपला तळवा नाकाशी नेला. पुन्हा एकदा नेला. आणि सावकाश सुनेकडे वळले.

"डबा जागेवर ठेवलास का?" त्यांनी हळूच विचारलं.

"बाबा, मी सांगणारच होते. ते ड्रायरमध्ये..."

"कोणाला सांगणार होतीस?"

टेरिननं आजूबाजूच्या गर्दीकडे पाहिलं.

"मग झालं तर," अर्विन म्हणाले आणि लॉर्नकडे वळून सगळ्यांना ऐकू जाईल असे गरजले, "पाहिलंस? याला म्हणतात रग!"

शनिवारी सकाळी टेरिन ब्रेड घ्यायला गेली, तर कोपऱ्यातल्या टेबलाला आणखी दोन टेबलं जोडलेली.

"मी पहिल्या दिवसापासून म्हणतोय," लॉर्न सांगत होता. "शांत पोरांच्यात असते ती. दिसत नाही, पण असते."

"बटाटे," अर्विन म्हणाले. "रोज रात्री समोर बसून खायला लावलेत."

"तुम्हाला कोणालाच कळलेलं नाही," बर्निसबाई म्हणाल्या. "सॉरी तो कधी म्हणाला? ठोसा मारायच्या आधी! आधी सॉरी, मग ठोसा. आणि पाडल्यावर शांतपणे विचारतो, लागलं का. केवढं थंड डोकं! मला तर काटाच आला. इतके दिवस आपण त्याला सालस समजत होतो."

"टेरिन, घरी कसा असतो गं तो?" कोणीतरी विचारलं.

काल रात्री तो डोळ्यावर गोठलेल्या मटारची पिशवी धरून बाळाला झोपवत होता. टेरिननं सासऱ्यांकडे पाहिलं. सासरे कपात बघत होते.

"तसाच," ती म्हणाली. "जरा जपूनच राहावं लागतं."

रविवार छान गेला. जूनीनं केक केला, म्हणजे टेरिननं केला आणि जूनीनं सांडला. सोमवारी दुपारी फोन वाजला. कोच होता.

शुक्रवारी गर्दीत एक पाहुणा होता म्हणे. लीगमधल्या पहिल्या नंबरच्या संघाचा माणूस. त्यांच्याकडे स्केटिंग करणारे ढीगभर आहेत, पण ट्रॅक्टरच्या तोंडावर ग्लव्हज फेकून मारणारा एकही नाही. ऑस्टीच्या बदल्यात ते दोन खेळाडू देत होते. व्यवहार झालासुद्धा. मुदत आजच संपत होती. उद्या सकाळची बस.

"पण तुम्ही तर राहतोय म्हणालात!"

"तेव्हा राहत होता. टेरिन, पोराचं नशीब उघडलंय. तिथून पुढे केवढी दारं..."

"ऐका, कोच. ते ग्लव्हज त्यानं टाकलेच नव्हते. निसटले होते. मी ड्रायरमध्ये आटवले आणि मग आत सडांचं मलम..."

कोच अगदी मायेनं बोलला. "टेरिन, कळतं मला. दरवर्षी कोणी ना कोणी आई असं करते. मागे एकीनं गोलकीपरला गालगुंड झालंय म्हणून सांगितलं होतं."

"मी खरं सांगतेय!"

"बरं. समजा, खरं आहे. म्हणजे पोराच्यात रग नाही, असं तुझं म्हणणं. मग ते तरी कशाला घेतील? आणि मी तरी कशाला ठेवू?"

टेरिनच्याच पायाखाली कोणीतरी हातमोजा सरकवला होता.

"मी गंमत करत होते," ती म्हणाली.

मंगळवारी सकाळी रिंकसमोर अर्धं गाव जमलं. "एकाला दोन!" लॉर्न येईल त्याला सांगत होता. "एकाला दोन दिलेत!" पण आवाजात दम नव्हता. बर्निसबाईंनी पोराच्या गळ्यात स्वतः विणलेला मफलर गुंडाळला आणि इतका घट्ट गुंडाळला की त्याला मान वळवता येईना. अर्विननी बॅग बसमध्ये चढवली, मग उतरवली, मग ड्रायव्हरला काहीतरी सुनावून दुसऱ्या बाजूला चढवली. नंतर ते बसच्या पुढच्या काचेवरचं बर्फ खरवडत बसले, ते काही त्यांचं काम नव्हतं.

ऑस्टीचा डोळा आता जांभळ्याचा पिवळा होत आला होता. त्यानं बाळाच्या डोक्याला गाल लावला. जूनीसमोर गुडघ्यावर बसून तिच्या टोपीचे बंद बांधले, सोडले, पुन्हा बांधले.

"टेरिन," तो उठून म्हणाला. आणि मफलर सैल करत राहिला.

"जेवत जा," टेरिन म्हणाली. "आणि फोन कर. आईला आधी, मग मला."

बस वळणापलीकडे गेली. माणसं पांगली. अर्विन हातात बर्फ खरवडायचं साधन घेऊन तिथेच उभे होते, आता खरवडायला समोर काच नव्हती. टेरिननं बाळाला गाडीत बसवलं, जूनीचा पट्टा लावला, किल्ली फिरवली. गाडी गरम व्हायला वेळ होता. मागच्या सीटवर जूनी टोपीचे बंद ओढत होती.

"आई, तो भांडला नसता तर त्याला घरी पाठवणार होते ना?"

"हो, बाळा."

"आणि भांडला म्हणून त्यांनी नेला?"

"हो."

काचेवरची वाफ हळूहळू विरत होती. जूनीनं पुढे वाकून आईच्या कोटाची बाही ओढली.

"मग इथे राहायला त्यानं काय करायचं होतं?"